आणलेली वाटी

आमच्या बिल्डिंगमध्ये सह्यांचा कागद फिरला की तो बहुधा टँकरचा असतो, नाहीतर लिफ्टचा. यावेळी सेक्रेटरींच्या मुलानं हातात ठेवला तो वेगळा निघाला. वर 'प्रति, मा. जिल्हाधिकारी, नागपूर', खाली विषय: श्रीमंत राजे रघुजी भोसले (प्रथम) यांच्या पुण्यतिथीनिमित्त १४ फेब्रुवारीला स्थानिक सुट्टी जाहीर करणेबाबत. त्याखाली चार रकान्यांचा तक्ता. अनुक्रमांक, नाव, फ्लॅट, सही. 'काकू, तुम्ही तं महालातल्या,' पोरगा म्हणाला, 'पहिली सही तुमचीच पाहिजे.' आणि मग हळूच, 'चौदा फेब्रुवारीले सुट्टी भेटली तं आमचंही काम होऊन जाईन.' मी हसले आणि सही ठोकली. खोटं कशाला बोलू, 'महालातल्या' म्हटलं की माझी मान अजून दोन इंच वर जाते. लग्न होऊन धंतोलीत येऊन बत्तीस वर्षं झाली, पण माहेर महालात, भोसल्यांच्या बडा वाड्यापासून हाकेच्या अंतरावर आहे हे सांगायची एकही संधी मी सोडलेली नाही. पोराला क्लासला जायचं होतं. खालच्या मजल्यावरच्या सह्या तेवढ्या घेऊन ठेवा म्हणाला. मी चपला घातल्या आणि १०२ ची बेल वाजवली.

१०२ मध्ये माशीमा राहतात. नाव अर्थात वेगळं आहे, पण अख्खी बिल्डिंग त्यांना माशीमा, म्हणजे बंगालीत मावशी, म्हणते, आणि लहान पोरं त्यावर करायचे ते सगळे विनोद करून मोकळी झाली आहेत. सासरे बंगाल नागपूर रेल्वेत, नवरा रेल्वेत, मुलगा आता बंगळुरूला. पंचेचाळीस वर्षं नागपुरात काढलेली बाई. मराठी आमच्यासारखीच बोलतात, फक्त प्रत्येक 'अ' जरा गोल होऊन बाहेर पडतो. दार उघडलं तेव्हा आत मोहरीच्या तेलात कलौंजी तडतडत होती. त्यांनी कागद घेतला, चष्मा नाकावर सरकवला आणि बोट फिरवत सगळा मजकूर वाचला. मी दिलेल्या पेनचं टोपण काढलं. अनुक्रमांक घातला. नाव लिहिलं, सुबक, शाळेतल्या बाईंसारखं. फ्लॅट नंबर लिहिला. मग टोपण परत लावलं.

'चहा घेशील ना?'

चहा उकळत असताना त्या काहीतरी गुणगुणत होत्या. मी विचारलंही नव्हतं, त्या आपणहून म्हणाल्या, 'आई झोपवायची ना आम्हाला, तेव्हा हेच लोक यायचे.' मला कळेना. मग त्यांनी अर्थ सांगितला. बाळ झोपलं, आळी निजली, देशात बर्गी आले. बुलबुलांनी धान खाऊन टाकलं, आता सारा कशाने भरू. 'तुमचे रघुजी राजे, त्यांचे घोडेस्वार. पण आमच्याकडे रघुजी कोणाला माहीत? बर्गी. एवढंच.' असं म्हणून त्या छान हसल्या आणि माझ्यापुढे बिस्किटांची बशी सरकवली. 'माझ्या नातवाला पण हेच म्हणून झोपवलं. लगेच झोपतो.' रागाचा लवलेश नव्हता. असता तर बरं झालं असतं, मी काहीतरी उत्तर दिलं असतं. कागद टीपॉयवरच राहिला. दोन दिवसांनी तो माझ्या दाराच्या फटीतून आत सरकवलेला मिळाला. १०२ समोर नाव होतं, फ्लॅट होता. सहीचा रकाना कोरा.

तो कोरा चौकोन मला छळायला लागला. बिल्डिंगमध्ये सह्या न करणारे पुष्कळ आहेत. ३०४ वाले तर कशावरच करत नाहीत. पण नाव लिहून सही न करणं हे मी पहिल्यांदा पाहत होते.

बर्गी हा शब्द मला माहीत नव्हता असं नाही, फक्त तो मला अर्ध्या कपड्यांत भेटला नव्हता. आमच्या घरी तो पूर्ण होता. बारगीर. ज्याचा घोडा आणि हत्यार स्वतःचं तो शिलेदार, आणि ज्याला ते सरकारातून मिळतं तो बारगीर. आजोबा म्हणायचे, 'आपला पूर्वज बारगीर. घोडा सरकारी. म्हणजे आजच्या हिशेबानं एसटीचा ड्रायव्हर समज.' त्यात गर्व होता आणि गर्वाला आवर घालणारी थट्टाही. हा एसटीचा ड्रायव्हर रघुजींचे सरदार भास्करपंत यांच्या फौजेबरोबर बंगालात गेला होता, असं घरात सांगत. पगारदार माणूस. महिन्याचा हिशेब, घोड्याचा दाणा-चारा, दसऱ्याला निघायचं, पावसाच्या आत परतायचं. तोच शब्द बंगालच्या वाटेवर पगार, घोडा, नाव-गाव सगळं गाळत गाळत गेला आणि पोरं निजवायचा बागुलबुवा होऊन बसला. आपल्याकडे बागुलबुवा कुठला असतो हे कोणी विचारत नाही. माशीमांकडे त्याचा पत्ता ठाऊक आहे. नागपूर, महाल.

आणि त्या बारगिराची एक वाटी माझ्याकडे आहे. काशाची. तळहातात मावेल एवढी, बुडाला अंगठ्याएवढा पोचा, रंग जुन्या गुळासारखा. नखानं टिचकी मारली तर बराच वेळ घुमत राहते. 'ही बंगालातून आणलेली,' असं आजी प्रत्येक उन्हाळ्यात सांगायची, जणू मागच्या वर्षी सांगितलेलं आम्ही विसरलो असू. मे महिन्यात रात्री गच्चीवर पाण्याचे सडे मारून गाद्या घातल्या की ती माझे पाय मांडीवर घ्यायची, तळव्याला तूप लावायची आणि वाटीचं बूड गोल गोल फिरवायची. थोड्या वेळानं तळवे काळे पडत. 'पाहा, किती उष्णता निघाली.' तुपाचा आणि धातूचा एक उग्र वास, खालून येणारा ओल्या मातीचा वास, आणि तळव्यावर तो गुळगुळीत गारवा. पाचव्या-सहाव्या फेऱ्याला मी झोपलेली असे. बाबा मात्र म्हणत, कसली बंगालातली, इतवारीतल्या भांड्यांच्या दुकानातून आणली असेल कोणीतरी. त्यावरून बाप-लेकांत खरोखरची वादावादी व्हायची. माझं मत नेहमी आजोबांच्या बाजूनं. इतवारीची वाटी कोणाला हवी असते?

'आणलेली.' हा शब्द मी आयुष्यभर ऐकला आणि त्याच्याकडे कधी निरखून पाहिलं नाही. कशी आणलेली? विकत? भेट? कोणाच्या ताटाशेजारून?

कागद टेबलावर पडलेला असतानाच मी त्या दहा वर्षांबद्दल वाचत बसले. १७४१ ते १७५१. बंगालच्या नवाबीत अलीवर्दीखान नवा बसलेला, आणि नागपूरकरांचा दावा चौथाईचा. १७४२ मध्ये भास्करपंतांनी, म्हणजे भास्करराम कोल्हटकरांनी, बंगालातल्या काटव्याला तळ दिला. मुर्शिदाबादेत जगत सेठांची पेढी लुटली गेली. त्या शरदात भास्करपंतांनी काटव्यात दुर्गापूजा मांडली, आणि पूजा अर्धी असतानाच अलीवर्दीनं छापा घातला. मूर्ती तिथेच, फौज पळाली. वाचताना पाणीच आलं डोळ्यांत. आपला माणूस, परमुलखात देवी बसवतो आणि विसर्जनही नशिबी नाही! दोन वर्षांनी, १७४४ मध्ये, मानकऱ्याच्या मैदानात तहाची बोलणी करायला म्हणून बोलावून अलीवर्दीनं त्यांना सरदारांसकट तंबूत कापून काढलं. मला इतका संताप आला की मी उठून पाणी प्यायले. आणि पुढचं पान उलटलं, तर तिथे त्याच काळातल्या गंगाराम नावाच्या बंगाली कवीनं लिहून ठेवलेलं होतं. कुंभार चाक घेऊन पळाले, सोनार तराजू घेऊन, ब्राह्मण पोथ्या घेऊन. गावं पेटली, बायकांना ओढून नेलं. ते पान मी भराभर वाचलं. म्हणजे अक्षरशः, डोळे ओळींवरून घसरवत. भास्करपंतांच्या तंबूत मी दहा मिनिटं थांबले होते, आणि या गावांतून दहा सेकंदात बाहेर पडले. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी ते पान परत काढलं. पण दुसऱ्यांदा वाचणं म्हणजे शिक्षा भोगल्यासारखं, ते काही खरं वाचणं नव्हे.

कलकत्त्याच्या लोकांनी तर मराठ्यांच्या धास्तीनं शहराभोवती खंदकच खणायला घेतला. सात मैलांचा बेत होता, तीनेक मैल झाला, आणि मराठे काही तिथवर आले नाहीत. पुढे तो बुजवून त्यावर रस्ता केला. माशीमांना विचारलं तर म्हणाल्या, 'हो हो, मराठा डिच. माझं माहेर त्याच बाजूला, बागबाजार.' म्हणजे आमच्या दोघींची माहेरं एकाच लढाईच्या दोन टोकांना. १७५१ च्या तहात नागपूरकरांना वर्षाला बारा लाख चौथाई आणि सुवर्णरेखेपर्यंतचा ओडिशा मिळाला. त्या ओडिशात मग हेच भोसले जगन्नाथाच्या देवळाला जमिनी देतात, यात्रेची सोय लावतात, कोणार्कचा अरुणस्तंभ पुरीला सिंहद्वारासमोर आणून उभा करतात. पुरीला गेले होते तेव्हा त्या खांबाला हात लावून मी सोबतच्यांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, 'आमच्या नागपूरकरांनी आणला.'

आणला. पुन्हा तेच.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये रघुजी राजांची तलवार लंडनच्या लिलावातून परत आली, तेव्हाची गोष्ट. राज्य सरकारनं ४७ लाख १५ हजारांना घेतली. मुंबईत मिरवणूक निघाली. फोनवर फोटो आला, मी तो दोन बोटांनी मोठा करून पात्यावरची सोन्याची देवनागरी अक्षरं वाचली, 'श्रीमंत राघोजी भोसले सेनासाहेब सुभा फिरंग'. पातं युरोपातलं, म्हणून फिरंग. माझ्या अंगावर काटा आला हे मी नाकारणार नाही. त्या दिवशी आमच्या ग्रुपवर प्रत्येकानं एकच क्रियापद वापरलं होतं. लुटून नेलेली. 'इंग्रजांनी लुटून नेलेली आपली तलवार.' १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर गेली की कशी, हे पक्कं कोणी सांगू शकत नाही, पण क्रियापदावर कोणाचं दुमत नव्हतं. माझंही नव्हतं. आणि १८५४ मध्ये राज्य खालसा झालं तेव्हा काय झालं ते तर लेखी आहे. वाड्यातले हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीवर मातीमोल भावानं विकले. जवाहीर गाड्यांत भरलं आणि लिलावाला पाठवलं. कुठे पाठवलं? कलकत्त्याला. हे वाचलं आणि मी पुस्तक मिटून चक्क हसले. माशीमांच्या खापरपणजीनं त्यातलं एखादं डूल घेतलं असेल काय? घेतलं असेल तर त्यांच्या घरात ते 'लिलावातून आणलेलं' असेल.

त्या लिलावाच्या वेळी वाड्यातलं सामान हलवलं तर वाडाच पेटवून देईन अशी धमकी देणारी एक म्हातारी होती. बाकाबाई. दुसऱ्या रघुजींची राणी. तिला मी लहानपणापासून ओळखते, कारण दर वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही तिला जाळायला जात असू. काळी मारबत, तिच्या नावाचा पुतळा. १८८१ पासून निघते. इंग्रजांशी संधान बांधणारी बाकाबाई म्हणजेच ती काळी, असं महालात शेंबड्या पोरालाही ठाऊक. वडिलांच्या खांद्यावर बसून मी तिला पाहिलं आहे: सुपाएवढा चेहरा, लालभडक जीभ, काजळाचा आणि ताज्या रंगाचा वास, खाली घामेजलेली तोबा गर्दी, आणि इतवारीत पिवळी मारबत समोरून आली की छातीत धडधड. 'इडा पिडा, खोकला खासी, घेऊन जा गेऽ मारबत!' मी बेंबीच्या देठापासून ओरडायची. त्या दिवशी शाळा बंद, कचेऱ्या बंद. नागपूरची हक्काची स्थानिक सुट्टी. अप्पासाहेबांचं राज्य गेल्यावर नातवासारख्या लहान राजाला गादीवर बसवून इंग्रज रेसिडेंटच्या नजरेखाली घर सांभाळणारी बाई काय काय गिळत असेल, हा विचार खांद्यावरच्या पोरीला कुठून सुचणार? पन्नाशी उलटेपर्यंत मलाही सुचला नाही. सासऱ्यांच्या बापाला सुट्टी मागणारे आम्ही, सुनेला सुट्टी घेऊन जाळणारेही आम्हीच, आणि ह्या दोन सुट्ट्या एकाच वाड्यातल्या आहेत हे निवेदन लिहिणाऱ्याच्या ध्यानातही आलं नसावं. आलं असतं तर त्यानं एक संदर्भ म्हणून नक्की जोडला असता.

जानेवारीत बहिणीच्या मुलाचा फोन आला. तो अमेरिकेत अलाबामाला असतो, हंट्सविलमध्ये. सोमवार होता आणि हा घरी. 'मावशी, आज सुट्टी आहे. दोघांची.' मला वाटलं त्याची आणि बायकोची. 'नाही गं, मार्टिन ल्यूथर किंग आणि जनरल लीची.' त्यानं राज्याच्या सुट्ट्यांची यादी पाठवली. जानेवारीचा तिसरा सोमवार, एक नाव, मग तिरकी रेघ, मग दुसरं नाव. एक गुलामांच्या नातवंडांसाठी झटता झटता १९६८ मध्ये गोळी खाऊन मेला. दुसरा, रॉबर्ट ई. ली, गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या राज्यांच्या फौजेचा सेनापती. दोघांचे वाढदिवस जानेवारीत, चार दिवसांच्या अंतरानं. लीची सुट्टी तिथे आधीपासून होती, किंगची केंद्र सरकारनं १९८६ पासून पाळायला घेतली, आणि तिथे एकाच सोमवारी दोघांना बसवलं. अलाबामा आणि मिसिसिपीत अजून तसंच आहे. आर्कान्सानं २०१७ मध्ये जोडी फोडली. व्हर्जिनियानं २०२० मध्ये लीची सुट्टी काढून टाकली आणि तिच्या जागी मतदानाच्या दिवसाची दिली. मी विचारलं, 'अरे, मग लोक आज नक्की काय पाळतात?' तो म्हणाला, 'माझ्या ऑफिसात कोणी कोणाला विचारत नाही. सुट्टी घेतात सगळे. कोणाची घेतली ते ज्याचं त्याला माहीत.' थोडं थांबून म्हणाला, 'ती रेघ आहे ना मावशी, तीच खरी सुट्टीवर असते.' पोरगा इंजिनिअर आहे, पण अधूनमधून असं काहीतरी बोलून जातो. त्यानंच सांगितलं की खुद्द लीला १८६९ मध्ये लढाईच्या मैदानावर स्मारकं उभारायच्या कामाला बोलावलं, तर त्यानं जखमा उघड्या ठेवू नयेत असं लिहून नकार कळवला होता. त्याचं कोणी ऐकलं नाही. रिचमंडला त्याचा घोड्यावरचा पुतळा १८९० मध्ये बसला तो २०२१ मध्ये उतरला.

मी त्याला बिल्डिंगचा किस्सा सांगितला. त्याला फार मजा वाटली. 'मग तुम्हीही रेघ मारा ना. राजे रघुजी, तिरकी रेघ, माशीमा.'

खरं सांगायचं तर मी त्या कोऱ्या चौकोनाकडे पाहून स्वतःशी पुष्कळ वकिली केली. अठराव्या शतकात कोण हात धुतलेला होता? अलीवर्दी? कंपनी सरकार? फौजेला पगार वेळेवर मिळत नव्हता, मुलूखगिरीवरच पोट होतं. आणि हे शहर कोणी वसवलं, गोंडांच्या खेड्यांभोवती पेठा कोणी वाढवल्या, तलाव कोणी बांधले? सगळं बरोबर आहे. गोंड राजे बख्त बुलंद शहांना मध्येच विसरून मी हे बोलतेय, तेही माझ्या ध्यानात येतं. पण माशीमांनी माझ्याशी वादच घातला नव्हता. वकिली कोणापुढे करणार? पुतळा असता तर त्या वळसा घालून गेल्या असत्या. रस्त्याला नाव असतं तर पत्त्यात लिहिलं असतं, आत्ताही लिहितात. सुट्टीचं तसं नाही. सुट्टीला घरी बसावंच लागतं. त्या दिवशी दूधवाला उशिरा येतो, बँक बंद असते, आणि ते सगळं कोणाच्या तरी नावानं. उत्तर प्रदेशात २०१७ मध्ये थोरामोठ्यांच्या नावाच्या पंधरा सुट्ट्या एका फटक्यात रद्द केल्या होत्या, पोरांना त्या दिवशी शाळेत बसवून माहिती सांगा म्हणून. तेव्हा मला ते रुक्ष वाटलं होतं. आता वाटतं, सांगणार तरी काय? एका वर्गात महालातली पोरगी आणि बागबाजारची नात शेजारी बसली तर बाईंनी कुठलं क्रियापद फळ्यावर लिहायचं?

निवेदन गेलं. त्यातली पहिली सही माझी, ती मी खोडली नाही. खोडायचं मनात आलं होतं, एकदा पेनही उचललं होतं. पण खोडलेली सही कोऱ्या चौकोनापेक्षा वाईट दिसली असती, आणि दुसरं म्हणजे मला ती खोडायची नव्हती. चौदा फेब्रुवारीला सुट्टी मिळाली नाही. पोरगा तरीही क्लासला गेला नाही, हे मी गच्चीतून पाहिलं.

होळी झाली आणि ऊन एकदम अंगावर आलं. दुपारी दोनला डांबर पायाखाली मऊ लागायला लागलं. माशीमा जिन्यात भेटल्या, कठड्याला धरून उभ्या. तळव्यांची आग आग होते म्हणाल्या, रात्रभर झोप नाही. माझ्या तोंडून निघून गेलं, 'थांबा, माझ्याकडे काशाची वाटी आहे.' बोलून गेल्यावर जीभ चावली. पण तोवर त्या 'आमच्याकडेही करतात, आई करायची' म्हणत माझ्या मागोमाग वर येऊ लागल्या होत्या.

मी तूप गरम केलं. त्या दिवाणावर पाय लांब करून बसल्या. मी काही बोलायच्या आत त्यांनी वाटी माझ्या हातातून घेतली, टिचकी मारली, कानाशी धरली. घुमणं थांबेपर्यंत थांबल्या. मग उलटी केली आणि बुडावरून, त्या पोच्यावरून, अंगठा फिरवला.

'छान आहे गं. जुनी आहे. आमच्याकडच्यासारखी वाटते. कुठली?'

'आजोबांची,' मी म्हटलं, आणि त्यांचा पाय मांडीवर घेतला.